ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचे पुनरागमन

एखाद्या वस्तूची उपयुक्तता संपते आणि त्यानंतरच तिच्याविषयीचे प्रेम जागे होते, असा अनुभव पुष्कळदा येतो. शिडाची जहाजे आणि वाफेची इंजिने ह्यांच्या वाट्याला हे भाग्य आले. परंतु असे प्रेम शस्त्राच्या वाट्याला आलेले पाहिले म्हणजे मन किंचित थबकते. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी सैन्यांनी टाकून दिलेल्या ठासणीच्या रिव्हॉल्व्हरने निशाण साधण्याचा छंद अमेरिकेत आणि युरोपात गेली सहा-सात दशके सतत वाढत आला आहे. त्याच्या मुळाशी जाऊ लागले, की इटलीतील लोहारांचे एक खोरे, ब्रिटिश कायद्यातील एक व्याख्या आणि आपल्या बिहारची खारी माती ही तिन्ही एकाच कथेत भेटतात.

ठासणीची बंदूक कोकणच्या वाचकास नवी नाही. रानडुकरांपासून पिके राखण्यासाठी परवान्यावर दिलेल्या अशा बंदुका तेथे अजून घराघरांतून आहेत. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरून गजाने ठासावयाची आणि मागे केप बसवून घोडा पाडावयाचा, हीच तिची रीत. ह्या केपेचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. १८०० मध्ये एडवर्ड हॉवर्ड ह्या इंग्रज रसायनज्ञाने आघाताने पेटणाऱ्या पाऱ्याच्या स्फोटक क्षाराचे वर्णन प्रसिद्ध केले. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोरसाइथ ह्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने अशा स्फोटकांनी बंदूक पेटविण्याच्या युक्तीचे पेटंट मिळविले. पुढे ते द्रव्य तांब्याच्या इवल्याशा टोपीत बसविले गेले आणि चकमकीचा दगड मागे पडला. दिवाळीत आपली मुले ज्या केपा फोडतात त्यांचीच ही थोरली बहीण.

ह्या केपेच्या आधारावर सॅम्युएल कोल्ट ह्याने आपले यंत्र उभे केले. नळी एक, तिच्यामागे पाच-सहा कोठ्यांचे फिरते चक्र, घोडा चढविला की पुढचा कोठा आपोआप नळीसमोर यावयाचा. २५ फेब्रुवारी १८३६ रोजी त्याला अमेरिकन पेटंट मिळाले. पण न्यू जर्सीतील पॅटरसन येथे काढलेली त्याची कंपनी १८४२ मध्ये बुडाली. त्याचे नशीब उघडले ते टेक्ससच्या सरहद्दीवर. तेथील कोमांची हे निष्णात घोडेस्वार. गोरा माणूस एक गोळी झाडून पुन्हा बंदूक भरीपर्यंत ते अनेक बाण सोडीत. ८ जून १८४४ रोजी कॅप्टन जॅक हेज ह्याच्या पंधरा-सोळा रेंजरांनी कोल्टची पाच बारी पिस्तुले वापरून संख्येने कितीतरी मोठ्या कोमांची तुकडीचा पराभव केला. त्या चकमकीत भाल्याने जखमी झालेला सॅम्युएल वॉकर पुढे मेक्सिकोच्या युद्धासाठी कोल्टकडे गेला, आणि दोघांच्या विचारातून १८४७ चे प्रचंड रिव्हॉल्व्हर तयार झाले. त्याचे वजन दोन किलोंहून अधिक होते.

ह्यापुढची वाट चढती होती. १८५१ च्या ‘नेव्ही’ नमुन्याची दोन लाखांहून अधिक नगे निघाली. १८५७ च्या उठावात आपल्याकडील इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट आणि इंग्लंडातील ॲडम्स ह्या दोन्ही घाटांची रिव्हॉल्व्हरे होती. परंतु शीघ्रतेच्या बळावर मिळालेले राज्य अधिक शीघ्र प्रतिस्पर्धी आला की जावयाचेच. धातूचे काडतूस मागून भरता येईल असे आरपार कोठ्यांचे चक्र रोलिन व्हाइट ह्याच्या १८५५ च्या पेटंटाने अडवून धरले होते. १८६९ मध्ये त्या पेटंटाची मुदत संपली आणि १८७३ मध्ये खुद्द कोल्टच्याच कारखान्याने काडतुशी रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. सुटी दारू आणि केप ह्यांचा काळ तेथे सरला.

त्या काळ्या दारूचाही आपल्याशी संबंध आहे. तिच्यात शंभर भागांत सुमारे पंच्याहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक असतो. जगाला लागणारा उत्तम सोरा दीर्घकाळ बिहारमधून जात असे. तेथील नोनिया जातीची माणसे गावच्या जुन्या भिंतींपाशी आणि गोठ्यांभोवती साचलेली खारी माती खरवडून तिच्यापासून सोरा काढीत आणि पाटण्याच्या बाजारातून तो कलकत्त्याच्या जहाजांवर चढे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा लॅमॉट ड्यू पाँ ह्याला उत्तरेच्या सरकारने लंडनला धाडले, ते हिंदुस्थानी सोरा विकत घेण्यासाठीच. ‘ट्रेंट’ जहाजाच्या प्रकरणावरून दोन्ही देशांत बेबनाव होताच इंग्लंडने तो माल रोखून धरला आणि १८६२ च्या आरंभी प्रकरण मिटल्यावर सोडला. माती खरवडणाऱ्या नोनियाला अमेरिका हे नावही ठाऊक नसेल. पण तेथील युद्धाची दारू काही काळ त्याच्या श्रमावर अवलंबून होती.

पुनरुज्जीवनाची सुरुवातही अमेरिकेतच झाली. १९३१ मध्ये ओहायोतील पोर्ट्‌समथजवळ जुन्या ठासणीच्या बंदुकांची एक नेमबाजी झाली आणि तिच्यातून १९३३ मध्ये राष्ट्रीय संघटना निघाली. १९५० मध्ये यादवी युद्धाच्या शस्त्रांनी सामने खेळणारी दुसरी संघटना स्थापन झाली. अडचण एवढीच होती, की मूळ शस्त्रे मोजकी, महाग आणि झिजलेली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅल फॉर्गेट ह्या न्यू जर्सीच्या व्यापाऱ्याने इटलीतील गार्दोने व्हाल त्रोम्पिया गाठले. ह्या खोऱ्यात शतकानुशतके बंदुकीच्या नळ्या घडत आल्या आहेत. १५२६ मध्ये व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या पुरविल्याची बेरेटा घराण्याची नोंद आजही जपलेली आहे. तेथील कारागिरांनी १८५१ च्या ‘नेव्ही’ची प्रतिकृती घडविली. १९६१ ते १९६५ ह्या काळात यादवी युद्धाची शताब्दी साजरी झाली आणि मागणी वाढली. उबेर्ती, पिएत्ता, पेदेर्सोली ही त्या खोऱ्यातील नावे आज ह्या छंदाच्या जगात घरोघर झाली आहेत. १९७१ पासून ठासणीच्या शस्त्रांच्या जागतिक स्पर्धाही भरतात.

ह्या छंदाची गोडी मात्र नेमक्या उलट गुणात, म्हणजे संथपणात आहे. घोडा अर्धा चढवून चक्र मोकळे करावयाचे, कोठ्यात मोजून दारू घालावयाची आणि तीवर शिशाची गोळी ठेवून नळीखालच्या दांड्याने ती दाबून बसवावयाची. गोळी कोठ्याहून किंचित मोठी असते. आत जाताना तिच्या कडेचे शिसे बारीक कडीसारखे छिलून निघाले म्हणजे ती घट्ट बसली असे समजावे. एका कोठ्याचा जाळ शेजारच्या कोठ्यात शिरू नये म्हणून तोंडाशी वंगण लावावयाचे. केपा बसवावयाच्या त्या सर्वांत शेवटी. बार झाला की पांढऱ्या धुराच्या लोटात निशाणही दिसेनासे होते. जळालेल्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो आणि हवेतील ओल शोषून लोखंड खातो. म्हणून त्याच संध्याकाळी शस्त्र गरम पाण्याने धुऊन, तेल लावून ठेवणे भाग असते. जागतिक स्पर्धेतील रिव्हॉल्व्हरच्या एका सामन्यात तेरा बारांसाठी अर्धा तास मिळतो आणि त्यांतील उत्तम दहा मोजले जातात.

हाच संथपणा ब्रिटनमध्ये कायद्याच्या कसोटीला उतरला. १३ मार्च १९९६ रोजी डनब्लेन येथील शाळेत एका माणसाने पिस्तुलांनी सोळा मुले आणि एक शिक्षिका ठार केली. १९९७ च्या दोन कायद्यांनी पिस्तुले सर्वसामान्य नागरिकाच्या हातून जवळजवळ काढून घेतली. परंतु ठासणीची शस्त्रे त्या बंदीतून वगळली. सुटी दारू आणि वेगळी गोळी नळीच्या अथवा कोठ्याच्या तोंडाकडून भरावी लागते ते ठासणीचे शस्त्र, अशी व्याख्या कायद्यात आहे. ‘अथवा कोठ्याच्या’ ह्या दोन शब्दांत कोल्टचे जुने रिव्हॉल्व्हर बसले. परवाना त्यालाही लागतो. तरी पिस्तुलाची नेमबाजी सोडवत नव्हती असे अनेक जण त्याच्याकडे वळले. मसुद्यातील दोन शब्दांचे वजन किती असते, हे आमच्या अधिकारी वाचकांस सांगावयास नको. आपल्याकडील १९५९ च्या शस्त्र अधिनियमाची दृष्टी अधिक कडक आहे. जुन्या घाटाच्या हत्याराला त्यात सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही झाडता येण्याजोगे नसेल तरच.

दोन्ही कायद्यांमागचा प्रश्न एकच आहे: शस्त्र इतिहासजमा केव्हा झाले असे समजावे? कारखान्याने ते घडविणे थांबविल्याने ते होत नाही. तसे असते तर गार्दोनेच्या भट्ट्यांनी ते केव्हाच खोटे पाडले असते. ब्रिटिश कायद्याने भरण्यास लागणारा वेळ ही खूण मानली, आणि ती शहाणपणाची आहे. ज्याला सहा गोळ्यांसाठी काही मिनिटे खपावे लागते, त्याच्या हातून अविचार घडण्यास अवकाश कमी. पण वेळाची ही मोजणी अपुरी आहे. १८४४ मध्ये हेच शस्त्र कोमांचींना भयंकर शीघ्र वाटले होते. त्याचा संथपणा आपल्या काळाच्या मापाने ठरलेला आहे.

१८४७ च्या त्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रावर रेंजर आणि कोमांची ह्यांच्या लढाईचे चित्र कोरलेले असे. आजच्या प्रतिकृतींवरही ते इमानाने उमटविलेले असते. वंगणाने माखलेल्या बोटाने चक्र फिरविताना छंदिष्टाचा अंगठा त्या लहानशा आकृतींवरून जातो. घोड्यावरून पळणारे ते लोक कोण होते, हे त्याने एकदा विचारले पाहिजे. तेवढे विचारणारा हा छंद इतिहासाचा अभ्यास म्हणावयास पात्र ठरतो. न विचारणाऱ्याच्या हाती मात्र धूर आणि आवाज एवढेच राहतात.