कानातल्या खड्याची साक्ष

न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या खोल समुद्रातला ऑरेंज रफी लवकर वाढतो, या समजुतीवर १९७०च्या दशकाअखेर त्याची मोठी मासेमारी सुरू झाली. वय सांगायला साक्षीदार एकच : माशाच्या कानातला चुनखडीचा खडा. त्यावरची वलये मोजण्याबाबत एकमत होईना. १९९१मध्ये फेंटन, शॉर्ट आणि रिट्झ यांनी त्यातला किरणोत्सार मोजला. खड्यातल्या रेडियम-२२६पासून शिसे-२१० तयार होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे. मासा जितका म्हातारा, तितके शिसे रेडियमच्या बरोबरीला येते. जेमतेम ३८ ते ४० सेंटिमीटरच्या माशांचे वय निघाले ७७ ते १४९ वर्षे! ताटात चक्क पणजोबांच्या वयाचा मासा. तोवर जाळ्यांनी बरेच उरकले होते. चॅलेंजर पठारावरची मासेमारी २००० साली बंद करावी लागली.