शाळा एक झाली, वर्ग कधी एक होणार?

समावेशक शिक्षण, सहअध्यापन हे शब्द आज शिक्षक प्रशिक्षणात सतत ऐकू येतात. एका वर्गात दोन शिक्षक, दोघांची एकच तयारी आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाची जबाबदारी दोघांवरही, हा सहअध्यापनाचा साधा अर्थ. ही कल्पना परदेशातून आली असं समजून आपले कार्यकर्ते तिच्याकडे दुर्लक्ष करतात. आमचं म्हणणं असं की वेगवेगळ्या मुलांना एका वर्गात कसं शिकवायचं, हा आपल्या चळवळीचा फार जुना प्रश्न आहे आणि कोल्हापूरला तर त्यावर बोलण्याचा पहिला हक्क आहे.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी होती, हे आपण सगळे सांगतो. त्याच निवेदनात शिकवणारा कोण असावा हेही त्यांनी मांडलं होतं, ते मात्र आपण विसरतो. सोवळंओवळं पाळून मुलांपासून दूर राहणाऱ्या शिक्षकापेक्षा शेतकरी समाजातून आलेला, मुलांत मिसळणारा शिक्षक त्यांना हवा होता. म्हणजे नुसता प्रवेश मिळून भागत नाही, वर्गात उभा असलेला माणूस कोण आहे यावर मुलाचं शिकणं ठरतं, हे फुल्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

बाबासाहेबांचं साताऱ्यातलं बालपण हा त्याचा पुरावा. शाळा सरकारी होती, नाव पटावर होतं. तरी बसायला घरून आणलेलं गोणपाट, तेही कोपऱ्यात. शाळेत घेतलेलं मूल वर्गाबाहेर कसं ठेवता येतं, हे त्या गोणपाटाने दाखवलं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. पण अस्पृश्यांच्या शाळा वेगळ्याच होत्या. ३० सप्टेंबर १९१९ च्या हुकुमाने महाराजांनी त्या येत्या दसऱ्यापासून बंद केल्या आणि सर्व मुलांना एकाच सरकारी शाळेत घ्यायला सांगितलं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. महाराजांनीच तर जातवार वसतिगृहं काढली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग सुरू केलं, मग शाळा एकत्र कशासाठी? आमच्या मते यात विसंगती नाही. गावाहून आलेल्या ज्या मुलाला शहरात कुणी थारा देत नव्हतं, त्याला छप्पर आणि जेवण देणारी खास सोय लागणारच होती. शिकण्याची जागा मात्र सगळ्यांची एक हवी. आधार गरजेप्रमाणे, वर्ग सामाईक. समावेशक शिक्षणाचं आजचं तत्त्वही हेच आहे.

मग अडलं कुठे? शाळेची भिंत पडली, पण आतला वर्ग बदलला नाही. एक शिक्षक, एक फळा, एक भाषा, एकच वेग. घरी अक्षराची ओळख नसलेलं मूल आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या घरातलं मूल एकाच मापाने मोजलं गेलं. जे मागे पडलं त्याला ‘ढ’ म्हटलं आणि त्याच्या मागे पडण्याचं कारण जातीत शोधलं.

आज कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळांत कोण बसतं? हंगामात आलेल्या ऊसतोड कुटुंबांतली मुलं, इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांची हिंदी बोलणारी मुलं, सीमेलगत घरी कन्नड बोलणारी मुलं, आणि कमी ऐकू येणारी, अक्षरं उलटसुलट दिसणारी मुलंही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सांगतो की दिव्यांग मुलांना समावेशक शिक्षण मिळालं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे १ विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. प्रत्यक्षात एकेका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा दिल्या गेल्या आणि त्याला वर्षानुवर्षं कंत्राटावर राबवलं गेलं. आणि शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीतच ६० पटापर्यंत पाच इयत्तांना दोन शिक्षक पुरेसे धरले आहेत. एका वर्गात दोन शिक्षक दूरच, एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग!

वेगळं ठेवण्याची ओढही संपलेली नाही. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने अधिसूचना काढली की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला वंचितांच्या २५ टक्के जागांतून सूट. तुमच्यासाठी ती शाळा आहे ना, मग इथे कशाला, हाच त्याचा अर्थ. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला ती रद्द केली. पण १९१९ साली कोल्हापूरने मोडलेली रीत शंभर वर्षांनी नियमाच्या रूपात परत येऊ शकते, हे लक्षात ठेवा.

सहअध्यापन मागताना एक सावधगिरी हवी. दुसरा शिक्षक फक्त ‘त्या’ मुलांना घेऊन कोपऱ्यात बसणार असेल, तर ते नवं गोणपाटच. दोघांनी आळीपाळीने सगळ्या वर्गाला शिकवावं, गट बदलते ठेवावेत, एक समजावून सांगत असताना दुसऱ्याने बाकाबाकांतून फिरून कोण कुठे अडलंय ते पाहावं. आणि दुसरा शिक्षक कंत्राटी, कमी पगाराचा असेल तर मुलांना वर्गातच उच्चनीचतेचा धडा मिळेल. म्हणून पद कायम हवं, दर्जा समान हवा, आणि त्या पदांवर आपल्या वस्त्यांतून शिकलेल्या मुलामुलींची भरती हवी. फुल्यांची मागणी अजून शिल्लक आहे.

मित्रांनो, शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्या वस्तीतल्या पालकांना तिथे बसवा. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब जसा चोख मागतो, तसा तीन गोष्टींचा हिशेब लेखी मागा: पटावर किती दिव्यांग आणि स्थलांतरित मुलं आहेत, विशेष शिक्षक महिन्यातून किती दिवस येतो, आणि आला की वर्गात शिकवतो की कागद भरतो. महाराजांनी हुकूम काढून दार उघडलं. आतल्या वर्गासाठी तसा हुकूम कुणी आपणहून काढणार नाही, तो आपल्यालाच काढायला लावावा लागेल.

जय भीम!