प्रतिकृतीत काय घ्यावे, काय सोडावे



काही दिवसांपूर्वी एका शाळेच्या नव्या आवाराची योजना पाहण्याचा योग आला. योजना कागदावर नव्हती. संगणकाच्या पडद्यावर त्रिमित प्रतिकृती उभी केलेली होती. झाडांना पाने होती, बाकांना सावल्या होत्या, फाटकावरील पाटीची अक्षरेही वाचता येत होती. मी सहज विचारले, "पटांगणावरचे पावसाचे पाणी कोणत्या बाजूने निघून जाईल?" दाखविणारे सद्गृहस्थ घोटाळले. पटांगण आरशासारखे सपाट काढलेले होते. दहा मीटरला जो पाच सेंटिमीटर उतार हवा, तो प्रतिकृतीत नव्हता. पाने मात्र होती.

प्रतिकृतीत तपशील किती असावा, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आलेला नाही. इटलीतील लेओन बात्तिस्ता अल्बेर्ती याने सन १४५० च्या सुमारास स्थापत्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याने बजावले आहे की, इमारतीची प्रतिकृती साधी, नितळ असावी. रंगविलेल्या, सजविलेल्या प्रतिकृतीत पाहणाऱ्याचे डोळे दिपतात आणि तपासणी करावयाची राहून जाते. तिच्यात कारागिराच्या हाताचे कौशल्य दिसू नये, योजणाऱ्याची कल्पना दिसावी, असे त्याचे म्हणणे होते. अल्बेर्तीच्या बाबतीत हा विवेकाचा सल्ला होता. कोणी तो मानला नाही तरी घर पडत नसे. पुढे नद्यांच्या आणि खाड्यांच्या प्रतिकृती होऊ लागल्या, तेव्हा मात्र निवड करण्यावाचून गत्यंतरच उरले नाही.

१८८० नंतर मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी समुद्रापासून थेट आपल्या शहरापर्यंत जहाजी कालवा खणण्याचा घाट घातला. मर्सी नदीच्या मुखाशी असलेल्या रुंद खाडीत बांध घातले तर गाळ साचून लिव्हरपूल बंदराचे काय होईल, यावर पार्लमेंटपुढे मोठा वाद माजला. नामवंत इंजिनियर परस्परविरुद्ध साक्षी देत होते. १८८३ व १८८४ सालची विधेयके बारगळली. कालव्याची वाट खाडीच्या पात्रातून काढून काठालगत नेली, तेव्हा कोठे १८८५ साली कायदा संमत झाला.

त्याच १८८५ साली मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातील प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी मर्सीच्या खाडीची एक लहानशी प्रतिकृती केली. लांबीरुंदीचे प्रमाण मैलाला दोन इंच होते. हेच प्रमाण खोलीला लावले असते, तर ऐंशी फूट खोल पाणी प्रतिकृतीत एक मिलिमीटरही भरले नसते. इतके पातळ पाणी नदीसारखे वाहत नाही; पुसलेल्या फरशीवरील ओलाव्याप्रमाणे जागच्या जागी चिकटून राहते. म्हणून रेनल्ड्स यांनी खोलीसाठी ऐंशी फुटांना एक इंच असे निराळे प्रमाण घेतले. प्रतिकृती उभ्या दिशेने तेहतीस पट ताणली गेली. चित्र म्हणून पाहिले तर ती साफ खोटी होती. पण तिच्यातले पाणी खऱ्यासारखे वागू लागले. बारा तासांवर चालणारे भरती-ओहोटीचे चक्र तिच्यात सुमारे चाळीस सेकंदांत पुरे होई.

मला सर्वात नवल वाटते ते तळाचे. खाडीतील वाळूचे दांडे आणि खोल प्रवाहमार्ग हेच तर वादाचे मूळ. कोणीही ते आधी हुबेहूब कोरून काढले असते. रेनल्ड्स यांनी त्यांपैकी एकही कोरला नाही. त्यांनी काठांची आकृती तेवढी बरोबर केली, वाळू सपाट पसरली आणि भरत्या सुरू केल्या. हजारो भरत्या येऊन गेल्यावर पाण्याने स्वतःच वाळूत मार्ग पाडले, आणि ते मर्सीच्या वरच्या भागातील खऱ्या मार्गांशी मिळतेजुळते निघाले! जो तपशील हाताने घातला असता तर काहीच सिद्ध झाले नसते, तो आपोआप उमटला म्हणून पुरावा ठरला.

या विद्येशी आपला संबंध पुष्कळ जवळचा आहे. पुण्याजवळच्या खडकवासल्याची संशोधनशाळा अनेकांनी धरणाकडे जाता-येता बाहेरून पाहिली असेल. मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांसाठी १९१६ साली जे संशोधनकार्य सुरू झाले, त्यातून ती संस्था वाढली. क्लॉड इंग्लिस यांनी तेथे भारतीय नद्यांच्या प्रतिकृतींवर अनेक वर्षे काम केले, आणि १९४७ मध्ये इंग्लंडात तशीच संस्था निघाली तेव्हा तिचे पहिले संचालक म्हणून ते गेले. विद्या नेहमी विलायतेहून इकडेच येते असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सिंधू नदीवरील सक्करचा बंधारा १९३२ साली सुरू झाला, आणि लवकरच उजव्या तीरावरील कालव्यांत वाळू भरू लागली. नदीच्या वळणावर वरचे स्वच्छ पाणी बाहेरच्या काठाकडे सरते आणि तळचे वाळूने जड झालेले पाणी आतल्या काठाकडे ढकलले जाते. कालव्यांच्या तोंडाशी नेमके हे दुसरे पाणी येत होते. पुण्याच्या प्रतिकृतींवर प्रयोग करून उजव्या तीराशी वळणदार प्रवेशमार्ग बांधण्याची योजना आखली गेली आणि ती अमलात आली. येथे वळण बरोबर असणे अगत्याचे होते, आणि खोली फार ताणूनही चालत नसे. कारण अति ताणलेल्या प्रतिकृतीत वळणावरचा आडवा प्रवाहच बिघडतो. वाळूची अडचण तर विचारूच नका. नदीची बारीक वाळू शंभर पट लहान केली तर ती वाळू राहत नाही, चिकणमाती होते आणि तळाला घट्ट धरून बसते. म्हणून प्रतिकृतीतील कण प्रमाणाबाहेर मोठे ठेवावे लागतात, किंवा कोळशाच्या भुकटीसारखा हलका पदार्थ वापरावा लागतो.

प्रमाणाबाहेरच्या तपशिलाचे सर्वात मोठे उदाहरण अमेरिकेत आहे. जॉन रेबर नावाचे एक हौशी नाटके बसविणारे गृहस्थ होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर दोन प्रचंड बांध घालावेत, आत गोड्या पाण्याची सरोवरे करावीत आणि बांधांवरून रस्ते व रेल्वे न्यावी, अशी त्यांची कल्पना होती. १९४० नंतरच्या दशकात तिला पुष्कळ अनुयायी मिळाले. वक्तृत्वाला वक्तृत्वाने उत्तर देणे व्यर्थ होते. लष्कराच्या इंजिनियर खात्याने १९५७ साली सॉसालिटो गावी संपूर्ण उपसागराची काँक्रीटची प्रतिकृती उभारली. तिचे प्रमाण आडवे एकास हजार, उभे एकास शंभर. सुमारे दीड एकराचा पसारा. तिच्यात भरती-ओहोटीचा पुरा दिवस पंधरा मिनिटांत संपतो.

दहा पट ताणलेल्या या पात्रात उतार दहा पट तीव्र झाला आणि पाणी भलतेच वेगाने धावू लागले. मग तळात तांब्याच्या सुमारे अडीच लाख पट्ट्या उभ्या रोवण्यात आल्या. खऱ्या उपसागरात असे काहीही नाही. पण प्रत्यक्ष उपसागरात मोजलेल्या पातळ्या व वेग प्रतिकृतीत मिळेपर्यंत या पट्ट्या वाकवीत, सरळ करीत बसावे लागले. नोंदी जुळल्यावरच रेबर यांचे बांध त्यात ठेवून पाहिले गेले, आणि योजना व्यवहार्य नाही असे ठरले. आज सॅन फ्रान्सिस्कोला उपसागर आहे, याचे थोडे श्रेय त्या पट्ट्यांना द्यावयास हरकत नाही. रेबर १९६० साली वारले.

२००० साली त्या प्रतिकृतीवरील संशोधन थांबले. ते काम संगणकाकडे गेले. तांब्याच्या पट्ट्यांची जागा आता घर्षणाच्या एका आकड्याने घेतली आहे, आणि तोही नदीतील नोंदी जुळेपर्यंत बदलीत राहावे लागते. जमिनीची मोजणी विमानातून लेसर किरणांनी होते व कोट्यवधी बिंदू हाती येतात. त्यांतले बहुतेक गाळून टाकून बांधाची कड, नाल्याचा तळ, रस्त्याच्या कडेचा दगड एवढ्या रेषा जपणे, हे आजच्या इंजिनियराचे काम. उपग्रहाच्या आधाराने चालणारे सपाटीयंत्र त्याच रेषांबरहुकूम माती कापते. प्रतिकृतीत जेथे उतार नाही तेथे ते इमानाने सपाटच करते.

त्या शाळेची योजना परवा दुरुस्त होऊन आली. पाने तशीच आहेत. पटांगणाला मात्र नैर्ऋत्येकडे उतार दिला आहे, आणि कोपऱ्यात गटाराची जाळी दाखविली आहे.