पेन ड्राइव्ह रिकामा दिसतोय? फॉरमॅट करण्याआधी लपलेले फोल्डर पाहा

अ‍ॅडमिशनच्या दिवसांत आम्ही सोलापुरात विजापूर वेस भागातल्या एका सायबर कॅफेत मुलीच्या कागदांच्या प्रिंट काढल्या. शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, सगळे स्कॅन एकाच पेन ड्राइव्हमध्ये. घरी येऊन लावला तर फोल्डर गायब, नुसते शॉर्टकट. ओळखीच्या पोराने सांगितलं, "सर, फॉरमॅट मारा." मारला असता तर तहसीलच्या चकरा पुन्हा सुरू!

अशा वेळी आधी पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा. जागा वापरलेली दिसत असेल तर फाइल्स बहुतेक आतच आहेत. व्हायरसने त्यांना फक्त दोन खुणा लावलेल्या असतात, 'हिडन' आणि 'सिस्टिम'. दुसऱ्या खुणेमुळे विंडोजला तो स्वतःचा संरक्षित फोल्डर वाटतो. म्हणून नुसतं 'शो हिडन फाइल्स' निवडून काही दिसत नाही, आणि माणूस निराश होतो.

शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका. फोल्डर उघडतो खरा, पण व्हायरसही चालू होतो. आधी पेन ड्राइव्ह स्कॅन करा. विंडोजमधला अँटिव्हायरसही चालेल. मग फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, त्यात ऑप्शन्स (विंडोज ११ मध्ये वरच्या तीन टिंबांत ऑप्शन्स), पुन्हा व्ह्यू. तिथे 'शो हिडन फाइल्स' निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' समोरची खूण काढा. विंडोज इशारा देईल, येस म्हणा. फोल्डर फिकट रंगात दिसू लागतील. कधी कधी सगळा माल बिननावाच्या एका फोल्डरमध्ये कोंबलेला असतो, तोही उघडून बघा. सापडलेल्या फाइल्स लगेच कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या.

आता खुणा काढायच्या. प्रॉपर्टीजमधला हिडनचा चौकोन बहुधा दबत नाही, कारण सिस्टिमची खूण त्याला अडवते. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत टाइप करा: अ‍ॅट्रिब -एच -एस -आर ई:\*.* /एस /डी. (पहिल्या शब्दाचं स्पेलिंग ए-टी-टी-आर-आय-बी, 'ई'च्या जागी तुमच्या ड्राइव्हचं अक्षर.) नंतर शॉर्टकट डिलीट करा. 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचा फोल्डर दिसला तर तो विंडोजचाच, व्हायरस नव्हे. राहू द्या.

कॉम्प्युटरमधला 'अ‍ॅपडेटा' फोल्डरही असाच लपलेला, पण त्याला फक्त हिडनची खूण असते. वर्डमध्ये सेव्ह न करता बंद झालेली प्रश्नपत्रिका कधी कधी त्यातल्या लोकल, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, अनसेव्ह्ड फाइल्स इथे मिळते. आम्हा मास्तर लोकांना हे माहीत असलेलं बरं.

बंद पडलेल्या कॉम्प्युटरची डिस्क दुसऱ्याला जोडली की 'परवानगी नाही' असा निरोप येतो, तो मामला वेगळा. फोल्डर जुन्या युजरच्या मालकीचा असतो. कंटिन्यू दाबून बहुतेक वेळा काम होतं; नाही झालं तर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ओनर बदला. हे फक्त आपल्या फोटो-कागदांच्या फोल्डरसाठी. 'विंडोज' आणि 'प्रोग्राम फाइल्स' यांची मालकी बदलू नका, मशीन सुरू व्हायची बंद होऊ शकते. डिस्कला बिटलॉकर असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागतेच. ती पुष्कळदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, तिथे आधी शोधा.

काम झालं की ऑप्शन्समध्ये काढलेली खूण परत लावा. घरात लहान मुलं माऊस हाताळत असतील तर त्याच दिवशी.