दंत-आणीबाणी (छत्रपती संभाजीनगर)

दाताची असह्य कळ, जबड्यावरची सूज, न थांबणारा रक्तस्राव आणि अपघातात मोडलेला किंवा निखळलेला दात यांवर तातडीने करावयाचे उपचार. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) यासाठीचे मुख्य सरकारी ठिकाण म्हणजे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय. १९८२ मध्ये सुरू झालेली ही संस्था ‘घाटी’च्या, म्हणजे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात आहे. जालना, बीड, परभणीकडचे रुग्णही येथे येतात. पैठण रस्त्यावर कांचनवाडीत छत्रपती शाहू महाराज शिक्षण संस्थेचे खासगी दंत महाविद्यालय आहे.

बाह्यरुग्ण विभाग दिवसा चालतात. दाढ मात्र बहुधा रात्री ठणकते. आडवे होताच डोक्याकडे रक्त अधिक जाते आणि बंद पोकळीतल्या सुजलेल्या नसेवर दाब वाढतो. सूज किंवा ताप नसेल, तर सोसेल असे वेदनाशामक घेऊन सकाळपर्यंत थांबता येते. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या प्रतिजैविकाने ही कळ थांबत नाही. दाढ उघडून नस काढावी लागते किंवा दाढच काढावी लागते. लवंगेचे तेल थोडा आराम देते, पण हिरडीला लागले तर भाजते. दाढेशी ॲस्पिरिनची गोळी धरून ठेवण्याचा उपाय तर जखमच करतो.

निखळलेल्या दाताचे गणित मिनिटांचे असते. मुळावरच्या पेशी कोरड्या पडल्या की लवकर मरतात. तासाभरानंतर दात रुजण्याची आशा फार कमी उरते. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, माती लागली असल्यास क्षणभर धुऊन शक्यतो जागच्या जागी बसवावा. ते जमले नाही तर दुधात ठेवून दंतवैद्य गाठावा. रुमालात गुंडाळून आणलेला दात बहुतेकदा वाया जातो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.

गुटखा-सुपारीने तोंड आखडलेल्यांची अडचण वेगळी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी असे रुग्ण कमी नाहीत. दोन बोटेही आत जात नसतील, तर मागच्या दाढेपर्यंत अवजार पोहोचवणेच कठीण होते.

दुचाकीच्या अपघातात जबडा मोडला असेल, शुद्ध हरपली असेल किंवा उलट्या होत असतील, तर दाताचा विचार नंतर करावा. आधी घाटीचा अपघात विभाग. तो रात्रंदिवस उघडा असतो. हनुवटीखाली पसरणारी सूज, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास ही लक्षणे दाढेतला जंतुसंसर्ग गळ्यात उतरल्याची असतात. त्याने श्वासमार्ग बंद होऊन जीव जाऊ शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दवाखाना उघडण्याची वाट पाहू नये.