दधीचीच्या अस्थी आणि परमवीरचक्र

इंग्रजी अमदानीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याचा हक्क हिंदी शिपायास 1911 च्या दिल्ली दरबारात बहाल झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांनी तो आपल्या पराक्रमाने मिळविला. घाडग्यांनी तर प्राण वेचून. परंतु ते पदक परक्या राणीच्या नावाचे होते. काश्मीरच्या लढाईत स्वदेशासाठी धारातीर्थी पडलेल्यांचा गौरव त्या नावाने व्हावा, हे स्वतंत्र राष्ट्रास शोभणारे नव्हते. म्हणून 26 जानेवारी 1950 रोजी परमवीरचक्राची स्थापना झाली व त्याचा अंमल 15 ऑगस्ट 1947 पासून धरण्यात आला.

पदकाचा आराखडा करण्याची कामगिरी मेजर जनरल हिरालाल अटल यांनी ज्यांच्यावर सोपविली, त्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपीय होत्या. पिता हंगेरियन, माता रशियन, जन्म 1913 साली स्वित्झर्लंडमधला. परंतु विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी 1932 साली विवाह झाल्यावर त्यांनी संस्कृत व पुराणे यांचा असा व्यासंग केला, की पुढे महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. पदक त्यांनी अगदी साधे ठेवले: साडेतीन सेंटिमीटर व्यासाची कांस्याची चकती, मध्ये राजमुद्रा, तिच्याभोवती इंद्राची चार वज्रे, आणि वर जांभळी फीत. वृत्रासुराच्या वधासाठी देवांना शस्त्र हवे होते आणि दधीची ऋषींनी त्याकरिता देहत्याग करून आपल्या अस्थी दिल्या, त्यांचेच इंद्राचे वज्र झाले, ही कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. सावित्रीबाईंची खरी प्रतिभा मला येथे दिसते. कारण त्या चिन्हात वज्र चालविणाऱ्या इंद्राहून, ज्याच्या देहातून ते घडले त्या ऋषीचे स्मरण अधिक आहे.

पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा. योगायोग असा, की ते सावित्रीबाईंच्या कन्येचे दीर. 3 नोव्हेंबर 1947 रोजी बडगाम येथे, एक हात प्लास्टरमध्ये असताना, मशीनगनची मॅगझिने भरून जवानांना देता देता ते तोफगोळ्याने कोसळले. आजवरच्या एकवीस मानकऱ्यांपैकी चौदांना हा सन्मान मरणोत्तरच मिळाला.

परंतु हयातीत हे पदक मिळविणारे पहिले वीर, कारवारजवळच्या चेंडिया गावी जन्मलेले बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, यांची कामगिरी मला त्या ऋषीच्या फार जवळची वाटते, कारण तिचे मोल शत्रूची किती माणसे मारली यावर ठरत नाही. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रणगाड्यांची वाट सुरुंगांनी व आडव्या टाकलेल्या झाडांनी अडविलेली होती. कामाच्या आरंभीच उखळी तोफांच्या माऱ्यात राण्यांचे दोन सहकारी ठार झाले, स्वतः राणे जखमी झाले. तरी ते हटले नाहीत. पुढे सरकणाऱ्या रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, चालकाला दोरीच्या ओढीने थांबण्या-चालण्याची खूण देत, त्यांनी सुरुंग शोधले, अडथळे हटविले, आणि चार दिवस जवळजवळ अखंड राबून त्या वाटेवरील चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा केला. 12 एप्रिलला आपली फौज राजौरीत दाखल झाली.