आईबाप नाहीत, की इथे नाहीत?

मंडळी, आजचा विषय कायद्याच्या इतिहासाचा आहे, पण सुरुवात आपण वीटभट्टीपासून करू.

कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्या दिवाळीनंतर ओस पडतात, हे इथं कुणाला सांगायला नको. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला माणसं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात आणि मृगाच्या तोंडावर परततात. सहा-सात महिने झाले. तान्ही पोरं सोबत जातात. थोडी मोठी आश्रमशाळेत, नाहीतर म्हातारीजवळ राहतात. आता समजा, त्यातलं आठ वर्षांचं एक पोर म्हातारीकडून निघालं आणि कर्जत स्टेशनवर रेल्वे पोलिसांना सापडलं. २४ तासांत ते बालकल्याण समितीपुढे येतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं चौकशीला १५ दिवस दिलेत, अंतिम आदेशाला ४ महिने. आईबाप सापडत नसले तर मुलाचा फोटो वर्तमानपत्रात छापायचा. भट्टीवर वर्तमानपत्र पोचतं, बरं का, पण ते भाकरी बांधलेलं! आणि मूल टाकलेलं आहे असं समितीला वाटलं, तर दोन वर्षांवरच्या मुलाला याच ४ महिन्यांत दत्तकासाठी मोकळं ठरवता येतं.

भट्टीचा हंगाम सातांचा, कायद्याचं घड्याळ चारांचं. असं रोज घडतं, असा आमचा दावा नाही. पण हे घड्याळ लावलं कुणी, हे पाहण्यासारखं आहे.

आपल्याकडे मुलांच्या ताब्याचे दोन इतिहास आहेत आणि ते एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. एक नवरा-बायकोच्या भांडणाचा. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात बापाचं पारडं जड होतं, तरी पाल्याचं हित हा शब्द तिथं आला. पुढं १९४१ च्या निकालसंग्रहात छापलेल्या वेद खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्वच्छ सांगितलं की, बापाचं हित नव्हे, आईचंही नव्हे, मुलाचं हित सर्वोपरी. उत्तम निकाल.

दुसरा इतिहास सरकार आणि गरीब आईबाप यांचा. तो इतका उजळ नाही. गुन्हेगार जमाती कायद्याला १८९७ साली जोडलेल्या दुरुस्तीनं चार वर्षांपासूनच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची मुभा सरकारला दिली. १९२४ चा मुंबई बाल कायदा त्याहून दयाळू. पण निराधार मूल, तुरुंगात असलेल्यांचं मूल, दारुड्याचं मूल, सगळी त्यानं एकाच दावणीला बांधली. इथंही शब्द हिताचाच. आमची अडचण इथंच आहे. दोन सारख्या घरांत निवडताना हित हा निकष न्याय देतो. एका बाजूला झोपडी आणि दुसऱ्या बाजूला संस्था किंवा पुण्या-मुंबईचं घर असलं, तर नुसत्या हितानं गरिबाचं मूल नेहमीच दुसरीकडे ‘बरं’ राहील!

म्हणून १९८४ चा लक्ष्मीकांत पांडे खटला आम्ही महत्त्वाचा मानतो. परदेशी दत्तकाच्या त्या प्रकरणात न्या. भगवतींनी मूल सोपवणाऱ्या आईबापांना फेरविचाराला सुमारे तीन महिने द्यायला सांगितले. २०१५ च्या कायद्यात त्याचे दोन झाले, हे आम्हाला पटलेलं नाही. अमेरिकेनं तर १९९७ साली असा कायदा केला की, गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल सरकारी देखभालीत असेल, तर आईबापांचे हक्क संपवण्याची कारवाई राज्यानं, काही अपवाद सोडून, सुरू करावी. घड्याळ तिथंही आहेच.

मग कोविड आला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आकडा आला तो असा: देशभरच्या संस्थांत २,२७,५१८ मुलं होती, त्यांतली १,४५,७८८ आईबापांकडे किंवा पालकांकडे परत गेली. म्हणजे दर तिघांपैकी जवळजवळ दोघांना जायला घर होतं! न्यायालयानं परतलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये द्यायला सांगितले. आपल्या राज्याची बालसंगोपन योजना आहेच. २०२३ पासून तिचे २,२५० झाले.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा थोडं नैयायिकांकडे जाऊ. ‘नसणं’ एकाच प्रकारचं नसतं, असं ते म्हणतात. मडकं फुटलं तर तो प्रध्वंसाभाव. मडकं उचलून नेलं, ते परत येणार, तर काही नैयायिक त्याला सामयिकाभाव म्हणतात. जमीन दोन्ही वेळा रिकामीच दिसते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. काही ठाकर मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्यांतल्या काहींचे आईबाप गेले, तो प्रध्वंसाभाव. पण तिथंसुद्धा चुलता, मामा, आजी आहे का, ते सांभाळायला तयार आहेत का, हे आधी विचारावं लागतं. कायद्यातली अनाथाची व्याख्याच पालक आहे की नाही आणि तो सांभाळू शकतो की नाही, यावर उभी आहे.

कायद्याचं चाळिसावं कलम काढून बघा. मुलाला घरी परत पोचवणं हे बालगृहाचं मुख्य उद्दिष्ट, असं त्यात आहे. तेव्हा स्टेशनवरच्या त्या पोराच्या चौकशी अहवालात ‘पालक अनुपस्थित’ एवढंच लिहून भागायचं नाही. कुठल्या भट्टीवर, कुठल्या मुकादमाकडे, किती उचल घेऊन आणि परत कधी, हे लिहायला हवं. मुकादमाला फोन केला तर एका दुपारचं काम आहे.